तुरीवरील शिंगांचा किडा

भाद्रपद सरतां सरतां तूर कमरेएवढी होते. त्या सुमारास शेतांतून फेरी मारली असतां एखाद्या झाडाच्या खोडावरून मोठ्या काळ्या मुंगळ्यांची रांग शेंड्याकडे चढत असलेली दिसते. जवळ जाऊन पाहावें तों शेंड्याखालच्या कोंवळ्या फांदीवर करड्या-तपकिरी रंगाचे कांहीं काटे ओळीनें उभे असतात. आपल्यापैकीं बहुतेक जण येथूनच मागें फिरतात. कारण काटा ही शेतांत नवलाची वस्तु नव्हे. बांधावर बाभूळ असते, बोर असते, आणि त्यांचे काटे रोजचेच पायांत मोडतात. परंतु तुरीस काटा नसतो, एवढी एकच गोष्ट त्या वेळीं ध्यानांत आली, तर पुढील पुष्कळ घोटाळा टळेल. तो काटा नसून जिवंत किडा असतो. ह्या किड्याची ओळख कशी पटवावी, त्याची राहणी कशी आहे, आणि त्याजविषयीं शेतकऱ्यानें किती चिंता वाहावी, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखक कृषिशास्त्राचा पदवीधर नाहीं. शिक्षण मराठी शाळेंत सातवी इयत्तेपर्यंत झालें, आणि उमेदीचीं वर्षें महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलीं. त्या नोकरीनें एक धडा मात्र पक्का शिकविला : ज्या वस्तूची नोंद करावयाची तिची ओळख आधीं पटली पाहिजे. गट-नंबरांत एक आंकडा चुकला, तर जमीन एकाची आणि अर्ज दुसऱ्याचा असें होऊन बसतें. आणि ती चूक दुरुस्त करण्यांत वर्षें जातात. हें पुरतें ठाऊक असूनहि स्वतःच्या शेतांत मीं तीच चूक केली, आणि तिची किंमत मोजली. म्हणून हे चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहें.

वैजापूर तालुक्याच्या दक्षिण अंगास गोदावरी वाहते. त्या बाजूस माझी अडीच एकर मध्यम काळी जमीन आहे. तीन वर्षांमागें तेथें कपाशींत तुरीच्या ओळी घातल्या होत्या. आश्विनाच्या आरंभीं तुरीच्या शेंड्यांवर मुंगळे दिसूं लागले. हात लावतांच टुणकन् उडून जाणारे कांहीं बारीक जीवहि दिसले. मीं मनाशीं ठरविलें कीं, हे तुडतुडे होत, आणि मुंगळे शेंडे कुरतडीत आहेत. भिंग लावून पाहिलें नाहीं, कोणास दाखविलें नाहीं. तालुक्याच्या गांवीं दुकानांत जाऊन, "तुरीवर तुडतुडे पडले आहेत," असें सांगितलें. दुकानदारानें तुडतुड्यांचें औषध दिलें. त्यांत त्याचा दोष नाहीं. मीं जें नांव सांगितलें त्याचेंच औषध त्यानें दिलें.

पंधरा दिवसांच्या अंतरानें दोन फवारण्या केल्या. चार दिवस शेंडे मोकळे दिसले, आणि मग बांधाच्या कडेच्या ओळींत मुंगळे पुन्हां होते तसेच. औषध, पंपाचें भाडें आणि मजुरी ह्यांत हातीं राखलेला पैसा संपला. पुढें तूर फुलावर आली. दोनदां फवारणी झाली आहे, आतां भय नाहीं, अशा समजुतीनें मी स्वस्थ राहिलों. शेंगा भरूं लागल्या तेव्हां एक शेंग सहज फोडून पाहिली, तों दाणा अर्धा खाल्लेला आणि शेंगेला वाटोळें भोंक पडलेलें. ती घाटेअळी होती. माझ्या आधींच्या फवाऱ्यामुळें ती आली, असें मी म्हणत नाहीं; परंतु तिच्यासाठीं राखावयाचा पैसा आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे तिच्यावर ठेवावयाचें लक्ष मीं भलत्याच किड्यावर खर्च करून बसलों होतों. एरव्हीं जेवढी तूर घरीं येते तिच्या निम्मीहि त्या वर्षीं आली नाहीं, आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता उसनवारी करून भरावा लागला.

पुढल्या वर्षीं तेंच दृश्य दिसतांच मी पुन्हां औषधाच्या गोष्टी बोलूं लागलों. तेव्हां शेजारच्या शेतांतील एका वृद्ध बाईंनीं, ज्यांस आम्ही सारे मावशी म्हणतों, माझी समजूत दुरुस्त केली. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुरीला कधी काटा असतो का हो? हात लावून बघा बरं." मीं बोट लावलें, तों एक काटा सरकत सरकत फांदीच्या पलीकडील बाजूस गेला, आणि दुसऱ्यानें उडी घेतली. त्या दिवशीं मी प्रथम खालीं बसून, नातवाचें भिंग घेऊन, तास-दीड तास तें झाड पाहिलें. पुढील माहिती त्या पाहण्यावर आणि नंतर जाणत्या लोकांकडून व पुस्तकांतून मिळविलेल्या ज्ञानावर आधारलेली आहे.

हा किडा लांबीनें सुमारें सहा ते सात मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याहून किंचित् मोठा असतो. रंग करडा-तपकिरी, वाळलेल्या सालीसारखा. खांद्यांच्या दोन्ही बाजूंस एक एक टोकदार शिंग बाहेर आलेलें असतें, आणि पाठीवरून मागें शेपटाच्या दिशेनें जाणारा तिसरा काटा असतो. पंख पाठीवर घराच्या पाख्यांप्रमाणें उतरते मिटलेले असतात. बैलाचें शिंग डोक्यास असतें. ह्याचें तसें नाहीं. ह्याचीं शिंगें डोक्यामागील छातीच्या पहिल्या भागावरचें जें कवच असतें, तेंच वाढून झालेलीं असतात. इंग्रजींत ह्यास 'काऊ बग', म्हणजे गाईसारखीं शिंगें असलेला किडा, असें म्हणतात. तुरीवर नेहमीं आढळणाऱ्या जातीचें शास्त्रीय नांव ओटिनोटस ओनेरॅटस असें आहे. लॅटिन भाषेंत ओनेरॅटस ह्याचा अर्थ 'ओझें लादलेला', आणि पाठीवरील तें कवच पाहिलें म्हणजे नांव शोभतें असें वाटतें. बाभळीवर ह्याचाच एक भाऊबंद फार आढळतो. त्याचें नांव ऑक्सिरॅकिस टॅरँडस. टॅरँडस हें उत्तरेकडील बर्फाच्या मुलखांतील रेनडिअर नांवाच्या हरणाचें नांव आहे. दोन्ही जाती अनेक प्रकारच्या झाडांवर राहूं शकतात. म्हणून केवळ झाड पाहून जात ठरवूं नये. त्यांतील बारीक भेद जाणत्यानें भिंगाखालीं पाहावा. शेतकऱ्यास शिंगें दिसलीं, एवढें पुरे आहे.

आतां ज्यांच्याशीं ह्याची गल्लत होते ते किडे पाहूं. तुडतुडा फिकट हिरवा, पाचरीच्या आकाराचा व बिनशिंगांचा असतो. तो पानाच्या खालच्या अंगास राहतो आणि तिरपा चालतो. कपाशीवर त्याचा जोर झाला म्हणजे पानांच्या कडा प्रथम पिवळ्या, मग तांबड्या होऊन मुरडतात. मावा हा मऊ अंगाचा, अगदीं बारीक, काळा किंवा हिरवट असून शेंड्यावर दाटीनें बसतो. बोट लावल्यास उडी मारीत नाहीं. पिठ्या ढेकणाच्या अंगावर पांढरें पीठ असतें. शिंगांचा किडा पानावर क्वचित्, फांदीवर बहुधा, आणि ओळ धरून बसतो. माणूस जवळ गेला कीं आधीं फांदीच्या आड सरकतो, आणि बोट टेकलें तरच उडतो. ही आड सरकण्याची संवय एकदां पाहिली म्हणजे पुन्हां चूक होत नाहीं.

ह्याची पिल्लें मात्र मोठ्या किड्याहून वेगळीं दिसतात. त्यांस पंख नसतात व उडतां येत नाहीं. पाठीवर बारीक काट्यांची रांग असते, आणि पोटाचें शेवट लांबट नळीसारखें असतें. मादी आपल्या पोटाच्या टोकास असलेल्या करवतीसारख्या अवयवानें कोंवळ्या फांदीच्या सालींत चीर पाडून तींत अंडीं घालते. अंड्यांतून निघालेलें पिल्लूं पांच वेळां कात टाकून पूर्ण वाढीचा किडा होतें. फुलपांखराप्रमाणें मध्यें कोश होत नाहीं. म्हणूनच एकाच फांदीवर लहान-मोठीं पिल्लें व पूर्ण किडे एकत्र दिसतात, जणूं एकाच वाड्यांत तीन पिढ्या नांदत आहेत.

हा किडा पान खात नाहीं, दाणा खात नाहीं. त्याचें तोंड म्हणजे एक सोंड असते. ती सालींत खुपसून तो झाडांतील साखरेचा रस पितो. त्या रसांत साखर फार आणि शरीर वाढविणारें पोषक द्रव्य थोडें असतें. म्हणून त्यास रस पुष्कळ प्यावा लागतो, आणि नको असलेली साखर तो गोड चिकट पाण्याच्या रूपानें बाहेर टाकतो. ह्यासच आपण चिकटा म्हणतों.

मुंगळ्यांच्या रांगेचें कारण हा चिकटा होय. मुंगळा शेंडा खात नाहीं. तो ह्या पाण्यासाठीं येतो. भिंगांतून नीट पाहिलें असतां मुंगळा आपल्या मिशांनीं पिल्लाच्या पाठीस हळूच स्पर्श करतो आणि पिल्लूं नळीच्या टोकाशीं एक थेंब सोडतें, असें दिसतें. दूध काढण्यापूर्वीं गवळी गाईच्या कांसेस हात लावतो, तसाच हा प्रकार. गाईचें नांव ह्या किड्यास असें दोन्ही अंगांनीं शोभतें. मोबदल्यांत मुंगळा राखण करतो. बाभळीवरील ऑक्सिरॅकिस आणि आपल्याकडील मोठा काळा मुंगळा, ज्याचें शास्त्रीय नांव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस आहे, ह्यांचा हा सलोखा भारतांतील अभ्यासकांनीं चांगला नोंदविलेला आहे. ज्यास प्रत्यय घ्यावयाचा असेल त्यानें गवताची काडी त्या फांदीवर हळूच टेकवावी. मुंगळे किड्यांस सोडून काडीवर धांवून येतात. कोळी, ढालकिडे आणि किड्यांच्या अंड्यांत आपलीं अंडीं घालणाऱ्या अतिसूक्ष्म गांधीलमाशा हे ह्या किड्याचे शत्रु होत, आणि ही राखण मुख्यतः अशा शत्रूंविरुद्ध असते. मुंगळ्यांवर भुकटी टाकून तूर वांचत नाहीं. मुंगळ्यांची रांग ही खूण आहे. किडा कोठें आहे हें ती आपणांस फुकट दाखविते.

ह्या कुळाचा पसारा मोठा आहे. जगांत ह्याच्या तीन हजारांहून अधिक जाती ज्ञात असून त्यांपैकीं पुष्कळ अमेरिका खंडांत आहेत. ब्राझीलकडील कांहींच्या पाठीवर तर गोळे, फांटे आणि कमानी असे विचित्र आकार दिसतात. बाभळीवरील जातीचें वर्णन डेन्मार्कचा कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस ह्यानें १७९८ सालीं केलें. आणि हिंदुस्थानांतील जातींची सविस्तर यादी डिस्टंट ह्या इंग्रज ग्रंथकारानें १९०८ सालच्या आपल्या ग्रंथांत दिली. हे किडे एकमेकांशीं बोलतातहि. पण तो आवाज आपल्या कानांस ऐकूं येत नाहीं. ते अंग हलवून फांदींत कंप उत्पन्न करतात, आणि दुसरे किडे पायांनीं तो जाणतात. अमेरिकेंतील एका जातीचीं पिल्लें शत्रु आला असतां एकदम कंप करून आईस बोलावितात आणि ती येऊन राखण करते, असें रेक्स कॉक्रॉफ्ट ह्या शास्त्रज्ञानें १९९६ सालीं प्रसिद्ध केलें.

आतां मूळ प्रश्न : ह्यापासून तुरीचें नुकसान किती? किडे थोडे असल्यास काढण्यासारखें नुकसान होत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. एकाच फांदीवर ते पुष्कळ दिवस दाटीनें राहिले, तर त्या जागीं साल खडबडीत, बुचासारखी होते. फांदीचा जोम कमी होतो, आणि कधीं शेंडा सुकतो. चिकटा पानांवर गळून त्यावर काळी बुरशी धरते. रोप लहान असतां किडे फार पडले तर वाढ खुंटते. परंतु तूर एकदां कमरेएवढी झाली म्हणजे दहा-वीस किडे बसलेली फांदी ती सहज सोसते. बाजूच्या फांद्या फुटून उणीव भरून निघते. कीटकशास्त्रज्ञ ह्याची गणना तुरीच्या दुय्यम किडींत करतात.

तुरीचे खरे वैरी निराळे आहेत. उभें झाड एकाएकीं वाळलें, आणि खोड चिरून पाहिल्यास आंत काळसर पट्टे दिसले, तर तो मर रोग. त्याची बुरशी जमिनींत असते. झाड हिरवें, झुडपासारखें, बारीक फिकट पानांचें राहून फुलच धरीत नसेल, तर तो वांझ रोग. तो डोळ्यांस न दिसणारा कोळी पसरवितो. शेंगेस भोंक पाडणारी घाटेअळी, बारीक केंसाळ पिसारी पतंगाची अळी, आणि बाहेरून शेंग धड दिसत असतां आंत दाणा नासविणारी शेंगमाशी हे तीन चोर दाण्यावर पडतात. ह्यांपैकीं एकहि काम शिंगांचा किडा करीत नाहीं. तेव्हां वाळलेल्या किंवा वांझ झाडावर तो योगायोगानें दिसला, तर तो आरोप त्याच्या माथीं मारूं नये. तसें केल्यास खरा अपराधी मोकळा राहतो.

तर मग करावें काय? माझी स्वतःची रीत सांगतों. आठवड्यांतून एकदां सकाळीं, ऊन तापण्यापूर्वीं, शेताच्या निरनिराळ्या भागांतील वीस झाडें पाहावींत. बांधालगतचींच पाहूं नयेत, कारण किडे प्रथम तेथें जमतात आणि सारें शेत भरलें आहे असा भास होतो. तीन-चार झाडांवर ते सांपडले, तर दाट भरलेले शेंडे कातरीनें कापून साबणाच्या पाण्यांत बुडवावे. सकाळच्या गारव्यांत किडे सुस्त असतात. फांदीखालीं तसलेंच पाण्याचें टोपलें धरून झटकल्यास पुष्कळसे त्यांत पडतात. अंडीं सालींत असल्यानें नुसतें झटकून काम पुरें होत नाहीं. म्हणून आठ-दहा दिवसांनीं पुन्हां पाहावें. एवढ्यासाठीं बांधावरील बाभूळ तोडूं नये. तिच्या पाल्यावर शेळी जगते, लांकडावर औत जगतें, आणि किड्याचे शत्रुहि तिच्यावर वाढतात. रोपें लहान असून निम्म्याहून अधिक झाडें भरलीं असतील, तरच औषधाचा विचार करावा. आणि तोहि कृषि विज्ञान केंद्रांतील किंवा तालुका कृषि कार्यालयांतील जाणत्यास नमुना दाखवून, त्यांच्या सल्ल्यानें. नमुना म्हणजे नुसतें वर्णन नव्हे. किड्यांसह फांदीचा तुकडा रुंद तोंडाच्या बाटलींत घालून तोंडास फडकें बांधावें, आणि ती बाटली पुढें ठेवावी. दुकानांत जातांनाहि हाच नियम पाळावा. नांव चुकलें तर औषध चुकतें. बाटली चुकत नाहीं.

वांचलेला पैसा व लक्ष फुलाच्या वेळेसाठीं राखून ठेवावें. घाटेअळीच्या पतंगांची चाहूल घेण्याकरितां हेक्टरीं पांच कामगंध सापळे लावावे, पक्ष्यांस बसण्यासाठीं शेतांत ठिकठिकाणीं टी आकाराचे पक्षिथांबे रोवावे, आणि फूल येऊं लागतांच पांच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी. ह्या अर्कास शंभर लिटर पाण्यास पांच किलो निंबोळीची पूड लागते. उन्हाळ्यांत पडलेल्या निंबोळ्या घरचीं मुलें वेंचून आणतात. त्यास बाजारांत जावें लागत नाहीं. मीं गेल्या दोन हंगामांत असेंच केलें. शिंगांचे किडे दोन्ही वर्षीं आले, मुंगळेहि आले. चार-सहा शेंडे कापण्यापलीकडे मीं त्यांच्या वाटेस गेलों नाहीं. आणि तूर पूर्वींच्या मापानें घरीं आली.

सन २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाल्यानें आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः करावयाची आहे. पूर्वीं ती लेखणी आम्हां महसूल खात्याच्या माणसांच्या हातीं होती. ज्याच्या हातीं नोंद, त्याच्या माथीं जबाबदारी, हा दफ्तराचा जुना नियम आहे. पीक कोणतें हें जसें आपण लिहूं, तसेंच पिकावर काय आहे हेंहि आपणांस सांगतां आलें पाहिजे. ह्या आश्विनांत तुरीच्या शेंड्यावर काटा दिसला, तर वाचकांनीं क्षणभर थांबून त्यास बोट लावून पाहावें. तो सरकला तर भिऊं नये. वीस झाडें पाहावींत, संख्या वहींत लिहावी, आणि मगच खिशांत हात घालावा.